विश्लेषण : आईच्या गरोदरपणातील आजारांचा बाळाच्या इसबाशी काय संबंध?

बाळाच्या गालांवर खरखरीत चट्टे उठले आणि ते रात्ररात्र खाजवू लागले, की घरात पहिला प्रश्न आईला विचारला जातो : दिवस गेले असताना काय खाल्ले होतेस? गेल्या दोन दशकांतील संशोधनाने मात्र आईच्या ताटापेक्षा तिच्या प्रकृतीकडे लक्ष वळवले आहे. गरोदरपणातील मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा आणि मानसिक ताण यांचा मुलाच्या इसबाशी संबंध असल्याचे वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत दिसले आहे. हा संबंध किती भक्कम आहे, त्यामुळे जोखीम किती वाढते आणि कुटुंबांनी त्यातून काय घ्यावे, याविषयी…

इसब म्हणजे नेमके काय?

इसब किंवा एक्झिमा हा त्वचेचा दीर्घकाळ चालणारा, कमीजास्त होत राहणारा दाह आहे. लहान मुलांत आढळणाऱ्या त्याच्या नेहमीच्या प्रकाराला डॉक्टर ‘ॲटोपिक डर्मटायटिस’ म्हणतात. त्वचा कोरडी पडते, खाज सुटते, खाजवल्याने चट्टे चिघळतात आणि पुन्हा खाज वाढते. तान्ह्या बाळात तो गाल, कपाळ, हातापायांची बाहेरची बाजू येथे दिसतो. मूल मोठे होऊ लागले की कोपराच्या खोबणीत, गुडघ्यामागे आणि मानेवर सरकतो. सुमारे ६० टक्के मुलांत तो वयाच्या पहिल्याच वर्षी सुरू होतो. अनेकांत वाढत्या वयाबरोबर तो ओसरतो.

तो संसर्गजन्य नाही. गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा आजार वेगळा, इसब वेगळा. गोऱ्या त्वचेवर इसब लाल दिसतो, पण सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तो राखाडी, तपकिरी किंवा जांभळट दिसू शकतो. त्यामुळे आपल्याकडे तो ओळखायला उशीर होऊ शकतो.

भारतात हा आजार किती आढळतो?

मुलांमधील दमा आणि ॲलर्जीचा ‘आयझॅक’ हा आंतरराष्ट्रीय अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. २००९ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षांत ६ ते ७ वर्षे वयोगटातील ६० देशांच्या ३ लाख ८५ हजारांहून अधिक मुलांची माहिती होती. त्यात इसबाचे सर्वांत कमी प्रमाण भारतात, ०.९ टक्के, तर सर्वांत जास्त इक्वेडोरमध्ये, २२.५ टक्के नोंदवले गेले. हे आकडे प्रश्नावलीवर आधारलेले होते आणि ते अमुक केंद्रांपुरते होते, हे लक्षात ठेवायला हवे. मात्र एकाच आजाराच्या प्रमाणात इतकी तफावत असेल, तर ती केवळ जनुकांमुळे असणे कठीण. हवामान, राहणीमान, जन्माआधीचे आणि जन्मानंतरचे वातावरण यांचा त्यात वाटा असणार, हा तर्क येथूनच सुरू होतो.

मूळ कारण आनुवंशिक आहे का?

मोठ्या प्रमाणात, होय. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला इसब असल्यास दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्के होते. साध्या जुळ्यांत ते सुमारे २३ टक्के होते. २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फिलाग्रिन’ या प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा इसबाशी असलेला संबंध दाखवून दिला. हे प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट बांधून ठेवते. ते कमी पडले की त्वचेतील ओलावा उडून जातो आणि बाहेरचे धूलिकण, जंतू, अन्नाचे कण आत शिरू शकतात. भिंतीचा गिलावा निघाल्यावर ओल आत यावी, तसा हा प्रकार असतो.

२०२० मध्ये ‘जामा डर्मटॉलॉजी’ या नियतकालिकात १४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. आई किंवा वडील यांच्यापैकी कोणाला इसब असेल, तर मुलात तो असण्याची शक्यता सुमारे तिपटीने अधिक असल्याचे त्यात दिसले. पालकाला दमा किंवा ॲलर्जीची सर्दी असेल, तर ही शक्यता साधारण दीड ते पावणेदोन पट होती. म्हणजेच आनुवंशिकतेचा हा भार बाळाला वडिलांकडूनही मिळतो. दवाखान्यात आणि घरात मात्र चौकशी बहुधा आईचीच होते.

गरोदरपणातील कोणत्या आजारांशी संबंध दिसला?

मानसिक ताण : इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे महिलांची नोंद गर्भधारणेच्या आधीपासून ठेवणारा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातील सुमारे तीन हजार बालकांच्या माहितीवरून २०१७ मध्ये असे दिसले, की गर्भधारणेआधी तीव्र ताणाखाली असल्याचे सांगणाऱ्या महिलांच्या मुलांत १२ महिन्यांच्या वयात इसबाची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी अधिक होती. दक्षिण कोरियातील एका अभ्यासातही गरोदरपणातील नैराश्य व चिंता यांचा मुलांच्या इसबाशी संबंध आढळला.

गरोदरपणातील मधुमेह : अमेरिकेतील बोस्टन येथील ६८० मुलांच्या २००९ मधील अभ्यासात, आईला गरोदरपणात मधुमेह झाला असल्यास पूर्ण दिवसांच्या बाळांत इसब अधिक आढळला. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांत मात्र असा संबंध दिसला नाही.

गरोदरपणातील उच्च रक्तदाब : रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाणे किंवा यकृत, मूत्रपिंड यांच्यावर ताण येणे याला ‘प्री-एक्लॅम्प्सिया’ म्हणतात. डेन्मार्कमधील सुमारे १७ लाख मुलांच्या सरकारी नोंदी तपासून २०१७ मध्ये असे सांगण्यात आले, की आईला हा त्रास १४ दिवस किंवा त्याहून अधिक राहिला असेल तर मुलात दमा, इसब आणि ॲलर्जी यांची जोखीम वाढलेली दिसते.

आईचा दमा, ॲलर्जी : येथे दोन गोष्टी एकत्र येतात. आईची जनुके बाळाकडे जातात आणि बाळ नऊ महिने तिच्या शरीरातील दाहाच्या वातावरणातही वाढते. या दोन्हींचा वाटा वेगळा काढणे अवघड असते.

पोटातल्या बाळापर्यंत परिणाम पोहोचतो कसा?

आई आणि बाळ यांच्यामध्ये वार, म्हणजे प्लासेंटा, असते. आईच्या रक्तातील सर्व काही ती जसेच्या तसे आत सोडत नाही. उदाहरणार्थ, ताण आल्यावर वाढणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा बराचसा भाग वारेतील एक विकर निष्क्रिय करते. दीर्घकाळच्या ताणात हे संरक्षण कमी पडू शकते आणि बाळापर्यंत अधिक कॉर्टिसॉल पोहोचू शकते, असे मानले जाते. मधुमेह आणि प्री-एक्लॅम्प्सिया यांत वारेच्या रक्तवाहिन्या व दाहाची पातळी बदलते.

प्राण्यांवरील प्रयोगांतून आणखी एक दुवा पुढे आला आहे : ‘मास्ट पेशी’. खाज आणि ॲलर्जीला चालना देणाऱ्या या पेशी बाळाच्या त्वचेत जन्माआधीच असतात. २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिंगापूरमधील संशोधनात, उंदराच्या मादीतील ॲलर्जीशी संबंधित ‘आयजीई’ प्रतिपिंडे वारेतून पिल्लांच्या मास्ट पेशींपर्यंत पोहोचत असल्याचे दिसले. २०२५ मध्ये फ्रान्समधील तुलूजच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवले, की गरोदर उंदीर माद्यांना ताण दिल्यास पिल्लांच्या मास्ट पेशी अधिक संवेदनशील बनतात आणि जिथे त्वचेवर साधे घर्षण होते तिथे इसबासारखे चट्टे येतात. माद्यांमधील ताणाच्या संप्रेरकाची पातळी आटोक्यात ठेवल्यावर पिल्लांत हा परिणाम टळला. हे निष्कर्ष महत्त्वाचे आहेत. पण उंदरांत जे घडते ते माणसांत त्याच प्रमाणात घडेलच असे नाही.

‘संबंध’ आणि ‘कारण’ यांत फरक का करायचा?

वरील अभ्यासांपैकी माणसांवरचे सगळे निरीक्षणात्मक आहेत. म्हणजे, संशोधकांनी कोणाला आजार दिला नाही; आजार असलेल्या आणि नसलेल्या महिलांच्या मुलांची तुलना केली. या दोन गटांत इतरही फरक असतात. ज्या कुटुंबात दमा, ॲलर्जी आहे, तेथे ताणही अधिक असू शकतो. तणावाखालील आई बाळाच्या चट्ट्यांसाठी लवकर डॉक्टरकडे जाऊ शकते आणि त्यामुळे निदानाची नोंद वाढू शकते.

हा गुंता सोडवण्याचा एक मार्ग म्हणजे सख्ख्या भावंडांची तुलना. एकाच आईच्या एका गरोदरपणात आजार होता आणि दुसऱ्यात नव्हता, तर दोन्ही मुलांत फरक पडतो का, हे पाहिले जाते. घर आणि आईवडील तेच असल्याने बरेच छुपे घटक गळून पडतात. या पद्धतीचे महत्त्व दुसऱ्या एका विषयात ठळकपणे दिसले. गरोदरपणातील पॅरासिटामॉल आणि मुलांमधील ऑटिझम यांचा किंचित संबंध स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदींत आढळला होता. भावंडांची तुलना केल्यावर तो उरला नाही, असे २०२४ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झाले. इसबाबाबतच्या प्रत्येक दाव्यालाही ही कसोटी लावावी लागते.

कधीकधी अपेक्षेच्या उलटही घडते. २०१६ मधील एका आढाव्यात मुलांच्या आसपासचे धूम्रपान आणि इसब यांचा संबंध दिसला, पण आईच्या गरोदरपणातील धूम्रपानाशी तो दिसला नाही. अर्थात गरोदरपणात तंबाखू पूर्ण वर्ज्य ठेवण्याची इतर कारणे इतकी भक्कम आहेत, की या निष्कर्षाने त्या सल्ल्यात काहीही बदल होत नाही.

जोखीम प्रत्यक्षात किती वाढते?

‘शक्यता २० टक्क्यांनी अधिक’ हे वाचून अनेकांना वाटते, की शंभरातील २० मुलांना इसब होणार. तसा त्याचा अर्थ नाही. समजा, एखाद्या ठिकाणी शंभरपैकी १० मुलांना इसब होतो. जोखीम २० टक्क्यांनी वाढली तर तो साधारण १२ मुलांना होईल. म्हणजे शंभर तणावग्रस्त मातांपैकी सुमारे ८८ जणींच्या मुलांना इसब होणारच नाही, आणि उरलेल्या १२ पैकी १० मुलांना तो एरवीही झालाच असता. शिवाय कोणत्या मुलाचा इसब आईच्या आजारामुळे आला आणि कोणाचा नाही, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. म्हणून एखाद्या बाळाकडे बोट दाखवून ‘तुझ्या टेन्शनमुळे झाले’ असे म्हणण्याला शास्त्राचा आधार नाही.

गरोदरपणात काही घेऊन इसब टाळता येतो का?

येथे प्रत्यक्ष चाचण्या झाल्या आहेत. ब्रिटनमधील ‘माव्हिडॉस’ चाचणीत काही गरोदर महिलांना साधारण १४व्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत रोज १,००० युनिट ड जीवनसत्त्व देण्यात आले, तर इतरांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. पहिल्या गटातील मुलांत १२ महिन्यांच्या वयात इसबाची शक्यता जवळपास निम्मी दिसली. पण दोन आणि चार वर्षांच्या वयात दोन्ही गटांत ठोस फरक उरला नाही. याचा अर्थ ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटे स्वतःहून सुरू करावीत असा होत नाही. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायला हवी.

फिनलंडमधील तुर्कू येथे २००१ मध्ये ॲलर्जीचा कौटुंबिक इतिहास असलेल्या महिलांना प्रसूतीआधी, आणि नंतर त्यांना किंवा बाळांना ‘प्रोबायोटिक’ जंतू देण्यात आले. दोन वर्षांच्या वयात या मुलांपैकी २३ टक्क्यांना इसब होता, दुसऱ्या गटात ४६ टक्क्यांना. चाचणी लहान होती. त्यानंतरच्या वेगवेगळ्या जंतूंवरील चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत. जागतिक ॲलर्जी संघटनेने २०१५ मध्ये अधिक जोखीम असलेल्या कुटुंबांत त्यांचा विचार करता येईल असे सुचवले, पण पुरावा फार कमकुवत असल्याचेही नमूद केले. डेन्मार्कमधील २०१६ च्या चाचणीत माशाच्या तेलाने मुलांमधील दम्यासारखा त्रास २३.७ टक्क्यांवरून १६.९ टक्क्यांवर आला. इसबावर तसा परिणाम दिसला नाही.

आईने पथ्य पाळावे का?

वांगे, शेंगदाणे, अंडी, मासे, दूध हे पदार्थ बाळाला खाज येऊ नये म्हणून गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईच्या ताटातून काढून टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. २०१२ मधील कॉक्रेन आढाव्याने या विषयावरील चाचण्या तपासल्या. गरोदरपणात असे पदार्थ टाळल्याने मुलाचा इसब टळतो याला आधार मिळाला नाही; उलट आईचे किंवा बाळाचे पोषण घटण्याची शक्यता नोंदवली गेली. रक्तक्षय आणि प्रथिनांची कमतरता असलेल्या महिलेच्या आहारातून अंडी, दूध आणि शेंगदाणे गेले तर होणारे नुकसान खात्रीचे आहे. आईला स्वतःला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर तो टाळणे वेगळे.

औषधांच्या बाबतीतही हेच लागू पडते. दम्याचा पंप, मधुमेहाचे इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या किंवा मानसिक आजाराची औषधे ‘बाळाला बाधतील’ म्हणून परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. अनियंत्रित दम्यामुळे मुदतपूर्व प्रसूती, कमी वजनाचे बाळ आणि प्री-एक्लॅम्प्सिया यांची जोखीम वाढते. एखादे औषध गरोदरपणात बदलावे लागू शकते, पण तो निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यायचा असतो.

मग नेमके काय करता येईल?

भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गरोदर महिलेची मधुमेहाची तपासणी पहिल्या भेटीत आणि ती सामान्य आल्यास पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान व्हायला हवी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिले जाते आणि दोन तासांनी रक्तातील साखर मोजली जाते. ती १४० किंवा त्याहून अधिक आली तर गरोदरपणातील मधुमेह मानला जातो. त्यासाठी उपाशीपोटी जाण्याची अट नाही. रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजला जावा. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे असे काही जाणवल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी मोफत होते.

ताणाचा प्रश्न अधिक अवघड, कारण ‘ताण घेऊ नकोस’ एवढे सांगून तो जात नाही. झोप, घरकामातील वाटणी, पैशांची चिंता, घरातील हिंसा यांच्याशी तो जोडलेला असतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, झोप न येणे, कशातच मन न रमणे ही उपचार घेण्याची लक्षणे आहेत. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या सेवेवर मराठीतूनही मोफत बोलता येते.

बाळ जन्मल्यावर त्वचेची काळजी कशी घ्यावी?

रोज मलम लावून इसब टाळता येतो का, यावर निकाल परस्परविरोधी आहेत. ब्रिटनमधील १,३९४ बाळांच्या ‘बीप’ चाचणीत पहिले वर्षभर रोज मलम लावूनही दोन वर्षांच्या वयात इसबाचे प्रमाण २३ टक्के आणि न लावलेल्यांत २५ टक्के होते, म्हणजे ठोस फायदा दिसला नाही. अमेरिकेतील १,२४७ बाळांच्या ‘कॅस्केड’ चाचणीत मात्र ते अनुक्रमे ३६.१ आणि ४३ टक्के आढळले, असे २०२५ मध्ये जाहीर झाले. इसब झाल्यानंतर मात्र बिनवासाचे, ओलावा टिकवणारे मलम नियमित लावणे हा उपचाराचा पाया आहे, यावर दुमत नाही.

कोरड्या त्वचेच्या बाळाला अंघोळीत डाळीचे पीठ चोळणे, कडक पाणी, सुगंधी साबण हे टाळलेले बरे. ऑलिव्ह तेलाने त्वचेचा संरक्षक थर कमकुवत होतो, असे ब्रिटनमधील शेफील्डच्या अभ्यासात दिसले आहे. सुती, सैल कपडे घालावेत, नखे कापलेली ठेवावीत आणि घरात कोणीही धूम्रपान करू नये.

दुकानातून विचारून आणलेले, स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेले मलम बाळाला लावू नये. डॉक्टरांनी ठरवून दिलेले सौम्य स्टिरॉइड मलम, सांगितलेल्या दिवसांपुरते वापरणे मात्र सुरक्षित आणि गरजेचे असते. त्याच्या भीतीने इसब चिघळू देणेही चुकीचे.

इसब आहे म्हणून बाळाचे वरचे अन्न लांबवू नये. २०१५ मधील ब्रिटनच्या ‘लीप’ चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचे पदार्थ देण्यात आले. पाच वर्षांच्या वयात त्यांच्यापैकी ३.२ टक्क्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती, टाळणाऱ्यांत १७.२ टक्क्यांना. तीव्र इसब असलेल्या बाळाला असे पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वाटून, पातळ करूनच द्यावेत. अख्खा दाणा घशात अडकू शकतो.

या संशोधनाचा अर्थ काय घ्यावा?

गरोदर महिलेचा मधुमेह, रक्तदाब, दमा आणि नैराश्य यांवर उपचार व्हायला हवेत, ते सर्वांत आधी तिच्या स्वतःच्या जिवासाठी. त्यातून बाळाच्या त्वचेचीही जोखीम थोडी कमी झाली तर तो वरचा लाभ ठरेल; तसे ठामपणे सांगण्याइतका पुरावा आज हाती नाही. ज्या घरात बाळाला इसब झालाच आहे, तेथे आईने नऊ महिन्यांत काय केले याचा शोध घेऊन बाळाची खाज थांबत नाही. त्याला मलम नियमित लावणे, रात्रीच्या जागरणात घरातल्या दुसऱ्या कोणीतरी वाटा उचलणे आणि त्वचारोगतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञांना वेळेवर दाखवणे, यांनी ती थांबते.